आत्या, पी घेऊ की जे?

भाच्याचा प्रश्न दर आठ-पंधरा दिवसांनी नव्या वेषात येतो. कधी दोन फोटो शेजारी-शेजारी, कधी मध्यरात्री पाठवलेला व्हिडिओ, कधी नुसतंच, "आत्या, पी घेऊ की जे?" पी म्हणजे प्रिसिजन बास, जे म्हणजे जॅझ बास. दोन्ही मूळचे फेंडर या अमेरिकन कंपनीचे बास गिटार, दोन्ही चार तारांचे. आज दुकानात टांगलेला कुठल्याही कंपनीचा बास घ्या, त्याचं कूळ शोधत गेलात तर बहुधा या दोघांपैकी एकाच्या दारात पोचाल. मी बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बास वाजवते, तेव्हा माझ्याकडे एका अक्षराचं उत्तर तयार असणार अशी त्याची समजूत. मी उलट विचारते, "वाजवणार कुठे?" तो म्हणतो, "आधी घरी, मग बँडमध्ये." इथेच घोडं अडतं. घरी कानाला गोड लागणारा बास आणि दहा वाद्यांच्या गदारोळात कामाला येणारा बास हे बऱ्याचदा वेगवेगळे निघतात.

दुकानात तर परीक्षा आणखीच खोटी. तिथे आपण एकटे, अँप (अँप्लिफायर) छोटा, समोर कुणी ढोल बडवत नाही. अशा ठिकाणी जॅझ हमखास जिंकतो. हात लावताच खाली घुमारा, वर किणकिण, मध्ये मोकळी हवा. शेजारचा प्रिसिजन त्यापुढे ठोंब्या वाटतो: एकच आवाज, तोही जरा नाकातून आल्यासारखा. पोरगं जॅझच्या प्रेमात पडून बाहेर येतं आणि मला फोन करतं.

ही दोन्ही वाद्यं बनवणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, आणि या गोष्टीचं मला फार अप्रूप आहे. वादकाने वाद्य बनवलं तर तो आपल्याच बोटांचे लाड करतो. रेडिओवाला गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून घेतो. तक्रार अशी होती की उभा डबल बास माणसापेक्षा मोठा, गाडीत मावायची मारामार, आणि ट्रम्पेट-ड्रम्स सुरू झाले की तो ऐकूच येत नाही. शिवाय त्याला पडदे नाहीत, सूर बोटाच्या अंदाजाने धरायचा. १९५१ मध्ये फेंडरने खांद्याला अडकवायचा, अँपला जोडायचा आणि फ्रेट, म्हणजे पडदे, असलेला बास बाजारात आणला. फ्रेटमुळे सूर नेमका लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये मंक माँटगोमरीसारख्या वादकाने तो जॅझच्या मंचावर नेला. १९५७ मध्ये त्याचा पिकअप, म्हणजे तारेचा आवाज टिपणारा भाग, बदलला आणि आज आपण ज्याला पी म्हणतो तो त्या वर्षी पुरता घडला. १९६० मध्ये धाकटा भाऊ आला: कंबरेत तिरका, गळ्याशी अरुंद, दोन पिकअपचा, जरा उंची थाटाचा. तो जॅझ बास. १९६५ मध्ये लिओने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकून टाकली, पण तोवर ही दोन्ही वाद्यं घडून झाली होती. त्यानंतर इतकी वर्षं लोक फक्त त्यांच्यातून एक निवडतायत.

आता जरा तारेखाली वाकून बघू, कारण सगळा फरक तिथे आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली तांब्याची केसासारखी तार. वर पोलादी तार हलली की खाली वीज हलते. पण तार सगळीकडे सारखी हलत नाही. गळ्याच्या बाजूला ती ऐसपैस झुलते, तिथे मूळ सूर भरदार मिळतो. ब्रिजजवळ, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, ती ताठ, तिथे वरचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उठणारे बारीक सूर) जास्त, आवाज आखूड आणि करकरीत. प्रिसिजनचा पिकअप साधारण मध्ये बसतो आणि त्याचे दोन तुकडे असतात. जाड दोन तारांखालचा तुकडा गळ्याकडे सरकलेला, बारीक दोन तारांखालचा ब्रिजकडे. दोन्ही तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबक एकमेकांच्या उलट, म्हणून हवेतली विजेची गुणगुण आपसात कापली जाते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. वर दोन बटणं: एक व्हॉल्यूम, एक टोन. संपलं.

जॅझमध्ये दोन पिकअप, एक गळ्याकडे, एक ब्रिजकडे, आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम. बाथरूममधल्या गरम-गार नळांसारखं, हवं तसं मिसळून घ्या. दोन्ही पूर्ण उघडले की गंमत होते. एकच तार दोन ठिकाणी ऐकली जाते, आणि काही उपस्वर असे असतात की एका ठिकाणी तार वर तेव्हा दुसऱ्या ठिकाणी खाली. ते एकमेकांना खाऊन टाकतात. मधल्या पट्ट्यात खड्डा पडतो, खालचं आणि वरचं उठून दिसतं. दुकानात ऐकू येणारी ती 'मोकळी हवा' म्हणजे हा खड्डा. अंगठ्याने थापा मारत वाजवायची जी पद्धत बासवादक लॅरी ग्रॅहमने रूढ केली आणि मार्कस मिलरने आपल्या १९७७ च्या जॅझवर पॉलिश करून ठेवली, तिला हा खड्डा फार मानवतो. थाप खाली जाते, टणत्कार वर, दोघांमध्ये गिचमिड होत नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती हाताच्या मापाच्या सल्ल्याची. बाईमाणूस दुकानात शिरली की काउंटरमागचा माणूस न विचारता जॅझ काढून देतो. "मॅडम, तुमचा हात लहान, याचा नेक बारीक आहे." नेक, म्हणजे गळा, बारीक आहे हे खरं. नटपाशी, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे, जॅझ ३८ मिलिमीटर, जुने प्रिसिजन ४४, हल्लीचे ४१ च्या आसपास. पण लहान हाताचे हाल रुंदीने होत नाहीत, लांबीने होतात. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत बोटं ताणायची असतात, आणि ते अंतर दोन्ही वाद्यांत अगदी सारखं, कारण दोन्हींची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये साठच्या दशकात कॅरोल के नावाच्या बाई प्रिसिजनवर प्लेक्ट्रमने (नखीने) एकामागून एक रेकॉर्डिंग वाजवत होत्या. त्यांना कुणी नेकची रुंदी विचारली असती तर काय उत्तर मिळालं असतं कोण जाणे. खांद्याचं बोला, ते मी ऐकून घेईन. चार-चार किलोंचं धूड घेऊन रात्री बारापर्यंत उभं राहायचं तर पट्टा रुंद हवा. त्यात पी आणि जे असा भेद नाही.

आमचा गरबा ज्यांनी मैदानात उभं राहून ऐकलेला नाही त्यांना पुढचं थोडं समजावून सांगावं लागेल. नवलखीसारखं मैदान, हजारो माणसं गोलात, पुष्कळशी अनवाणी. बे ताळी, त्रण ताळी (दोन टाळ्यांचा, तीन टाळ्यांचा गरबा), मग हींचचा ठेका सुरू झाला की धूळ उडायला लागते. मंचावर गायक-गायिका, ढोल, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम), कीबोर्ड, कधी शहनाई, एखादी गिटार. बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बास कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असतो. वेगळा बास ठेवणं ही चैन समजतात. म्हणजे माझी जागा मला दर नवरात्रात नव्याने कमवावी लागते. बास ऐकू आला नाही तर पुढच्या वर्षी डावा हात पुरे.

आणि तळाला गर्दी किती! ढोलाची जाड बाजू, ऑक्टोपॅडचा किक ड्रम, कीबोर्डवर लांब धरलेले सूर, वर सबवूफरवर जीव जडलेला साउंडवाला. बासच्या खुल्या तारा पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच. सगळ्यात खालच्या पांढरी तीनची आंदोलनं सेकंदाला ४१. त्या खोलीवर ढोल आणि किक शिरले की छातीत धडधड होते, पण सूर कुठला ते कळत नाही. मैदानाच्या टोकाला सरबत पिणाऱ्या माणसाला बासचा सूर ओळखू येतो तो त्याच्या वरच्या उपस्वरांतून. जॅझचे दोन्ही नळ उघडे ठेवले की खड्डा तिथेच कुठेतरी पडतो.

एका तालमीला मी मैत्रिणीचा जॅझ घेऊन गेले होते. घरी वाजवताना त्याने जीव सुखावला होता. तालीम सुरू होऊन दोन गरबे झाले नाहीत तोच ढोली वळून म्हणाला, "बेन, तमारो बास संभळातो नथी." (ताई, तुमचा बास ऐकू येत नाही.) मी आवाज वाढवला. खालचा घुमारा वाढला, सूर तसाच हरवलेला. मग ब्रिजकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम जरा खाली घेतला आणि मधला पट्टा परत आला, ढोलीने मान हलवली. पण मधल्या शांततेत, गरबा थांबून गायिका आरतीआधीचे चार शब्द बोलत होती तेव्हा, मंचामागच्या जनरेटरची आणि दिव्यांच्या डिमरची गुणगुण माझ्या स्पीकरमधून स्वच्छ येत होती. जॅझचे दोन पिकअप एकमेकांची गुणगुण कापतात ती दोन्ही सारखे उघडे असतील तोवर. एक कमी केला की दुसऱ्याची उरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि खर्जातली पांढरी पाच ४९ ची. म्हणजे गुणगुण पांढरी पाचला जवळजवळ लागते, किंचित चढी. गायिकेची पट्टी तीच होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच मागे उभी राहून चढा षड्ज धरलाय. (अमेरिकेत वीज ६० ची, तिथली गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या फटीत पडते. त्यांचं त्यांना लखलाभ.)

दुसऱ्या दिवशी माझा जुना प्रिसिजन नेला. व्हॉल्यूम पूर्ण, टोन अर्धा, बस्स. ढोली काही बोलला नाही आणि साउंडवाल्याने माझ्याकडे बघितलंही नाही. ऑर्केस्ट्रात याहून मोठी शाबासकी नसते.

प्रिसिजनबद्दल लोक म्हणतात त्यात एकच आवाज आहे. डेट्रॉईटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनकडे १९६२ चा प्रिसिजन होता. त्यावर सपाट गुंडाळीच्या जाड तारा, त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजची पट्टी, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. एवढ्या सामग्रीवर त्याने जे वाजवलं ते आजही बासवाले तोंडपाठ करतात. त्या काळी मोटाउनच्या रेकॉर्डवर वादकांची नावं छापत नसत, त्यामुळे लोक बरीच वर्षं त्या बोटावर नाचत होते आणि बोट कुणाचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच्या वाद्यावर दोन पिकअप मिसळायची बटणं नव्हती म्हणून फरक हातातून काढावा लागे. तार गळ्याजवळ छेडली तर आवाज गोल, ब्रिजजवळ छेडली तर टोकदार, बोटाचं मांस जास्त लावलं तर जाड. हे मी प्रिसिजनवर शिकले, जॅझवर शिकले नसते. जॅझवर असं काही हवं झालं की हात आपसूक बटणाकडे जातो.

तरीही जॅझची एक बाजू आहे जिच्यापुढे माझी सगळी वकिली लंगडी पडते, आणि ती मला बडोद्याने ऐकायला शिकवली. सूरसागरसमोरचं आमचं म्युझिक कॉलेज, म्हणजे आता युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्‌सची फॅकल्टी, सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती सोपवलेल्या गायनशाळेतून वाढलेलं. पुढे फैय्याझ खाँसाहेब याच दरबारचे गवई. त्या वास्तूत संध्याकाळच्या वर्गांना बसून माझा कान तयार झाला तो तंबोऱ्याखाली. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली धागा सरकवत बसायचं. तार घोडीच्या उतारावर नुसती टेकत नाही, घासत-निसटत हलते आणि त्यातून उपस्वरांचं मोहोळ उठतं. धागा केसभर इकडचा तिकडे झाला की तंबोरा मुका.

बासवादक जॅको पास्टोरियसचा जन्म १९५१ चा, प्रिसिजन बाजारात आला त्याच वर्षीचा. त्याने १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट काढून टाकले, खाचा बुजवल्या, लाकडावर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलं आणि ब्रिजकडचा पिकअप पुढे करून वाजवायला बसला. लिओने गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी जे आणलं होतं तेच याने उपटून फेकलं. आता सूर परत बोटाच्या अंदाजावर. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं की फ्रेट नसले की तार लाकडावर थोड्या लांबीत घासत हलते आणि सूर उमलत जातो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून बसले, कारण ती जवारी होती. इपॉक्सीचा कठीण थर घोडीचं काम करत होता आणि ब्रिजकडचा पिकअप ते मोहोळ नेमकं टिपत होता. असं काही करायचं असेल, मींड घ्यायची असेल, बासला गायला लावायचं असेल, तर जॅझ घ्यावा. फ्रेटलेस प्रिसिजनही मिळतात, मी ऐकलेत. मला ते सर्दी झाल्यासारखे वाटतात. हे माझं मत, भांडायला या.

तिसरा पर्याय पीजे (नाव ऐकून हसू नका). गळ्याकडे प्रिसिजनचा पिकअप, ब्रिजकडे जॅझचा. कागदावर दोन्ही घरचा पाहुणा. प्रत्यक्षात पीचा पिकअप दमदार, जेचा त्यापुढे मिणमिणता, आणि दोन्ही मिसळले की गुणगुण पुरती कापली जात नाही. चांगले बनवलेले असतात, नाही असं नाही. पण ठरवता येत नाही म्हणून पीजे घेणाऱ्याला मी थांबवते. त्याला आवाजापेक्षा धीर हवा असतो.

भाच्याच्या बँडमध्ये दोन गिटार आणि एक कीबोर्ड आहे, तेव्हा माझं मत उघड होतं. पण सांगून पटणाऱ्यांपैकी तो नाही. शेवटी एका रविवारी सगळ्यांना दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी बोलावलं. माझा प्रिसिजन होता, मैत्रिणीकडून जॅझ पुन्हा आणला. दोघांवर सारख्या, नव्या तारा चढवल्या, नाहीतर आपण बासची नाही, तारांची परीक्षा घेतो. पावसाळा संपत आला की आमच्याकडे नेक हमखास वाकतात, म्हणून दोन्हींचे ट्रस रॉडही (नेकच्या आतल्या सळया) जरा पिळून घेतले. मग तेच गाणं दोनदा, दार लावून. वहिनीला जिन्यात उभं केलं, तिला काहीच सांगितलं नाही. पहिल्या खेपेला तिने विचारलं, "तो वाजवत होता ना?" दुसऱ्या खेपेला म्हणाली, "हां, आत्ता कळलं हा कुठे असतो ते." पहिला जॅझ होता, दुसरा प्रिसिजन.

मला वाटलं, झालं. भाचा जिन्यात बसून लीलो चेवडो खात होता. म्हणाला, "आत्या, पटलं. तुझंच बरोबर."

आठवड्याने फोटो आला. फेंडरचाच स्वस्तातला भाऊबंद असलेला स्क्वायर, जुना, एकाच मालकाने वापरलेला, आणि जॅझ. खाली लिहिलं होतं, "बँड आठवड्यातून एकदा असतो गं. घरी मी रोज असतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि रागही आला नाही. फोन केला. नेक सरळ आहे का बघितलंस? बटणं फिरवताना खरखर येते का? येत असेल तर आत साफ करून घे, घाबरू नकोस. आणि बँडमध्ये दोन्ही पूर्ण उघडे ठेवून उभा राहू नकोस, ब्रिजकडचा थोडा खाली घे, मग तू दिसशील.

"पण मग गुणगुण येईल ना?"

"येईल."

"मग?"

"मग गाणी पांढरी पाचमध्ये बसवा."